टाकी भरली की गाडी बंद : एक प्रत्यक्ष धडा



शाळेच्या फाटकाजवळ उभी असणारी पांढरी पद्मिनी तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. एका माजी विश्वस्तांनी ती शाळेला दिली. मुलाला शाळेत ताप भरला तर घरी पोचविणे, परीक्षेचे साहित्य आणणे, स्पर्धेसाठी दोन-तीन मुलांना बाहेरगावी नेणे ही तिची कामे. २०२४ च्या दिवाळीनंतर ही गाडी अधूनमधून बंद पडू लागली आणि त्यातून शाळेत जो प्रकार घडला, तो मला या अंकात मोकळेपणाने सांगावयाचा आहे. त्यात विज्ञानाचा एक चांगला धडा आहे आणि माझी स्वतःची एक चूकही आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले आहे, तेव्हा भाषेत कोठे ‘वायुदाब’ वगैरे डोकावले तर मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे.

प्रथम गाडीविषयी दोन शब्द. पद्मिनी ही मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होत असे. १९४४ मध्ये ही कंपनी स्थापन करणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचीच ही भारतीय आवृत्ती, म्हणून आपल्याकडे जुनी माणसे अजून तिला ‘फियाट’च म्हणतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे एकेकाळी हीच गाडी असे. तेथील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. आमची गाडी खाजगी नोंदणीची. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते, ती आपण नियमाने करीत आलो आहोत.

आता तक्रार काय होती ते पाहू. गाडी सुरू व्हायची उत्तम. पंधरा-वीस किलोमीटर सुरळीत जायची. मग चढावर दम कमी व्हायचा, गचके खायची आणि धापा टाकत बंद पडायची. दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू, जणू काही झालेच नाही. गावात, म्हणजे शनवारा ते लालबाग स्टेशन अशा फेऱ्यांत, सहसा काही होत नसे. मिस्त्रीच्या दारात तर ती कधीच बंद पडली नाही. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना हा अनुभव असेल : डॉक्टरच्या दवाखान्यात शिरताच पोटदुखी थांबते, तसे.

कोणत्याही पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी तीन गोष्टी हव्यात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. गाडी अचानक बंद पडली तर यांपैकी काय तुटले हे आधी ठरवावे, मग पाना हातात घ्यावा. आपल्याकडे उलट होते. आमच्याकडेही तसेच झाले. पहिल्या मिस्त्रीने प्लग बदलले व पॉइंट घासले. गाडी दोन दिवस नीट चालली, पुन्हा बंद. दुसऱ्याने ‘कारबोरेटरमध्ये कचरा आला’ म्हणून तो खोलून जेट फुंकून दिले. चार दिवस नीट, पुन्हा बंद. तिसऱ्याने कॉइल बदलली. हा सल्ला तसा निराधार नव्हता, कारण कमजोर कॉइल गरम झाली की ठिणगी तोडते आणि थंड झाली की परत देते, म्हणजे वरवर लक्षण हेच. पण एक फरक आहे आणि तो विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. ठिणगी गेली तर इंजिन बहुधा खटकन बंद होते, दिवा मालवावा तसे. पेट्रोल तुटले तर कारबोरेटरच्या कटोरीत उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन धडपडते, चोक ओढला तर क्षणभर सावरते, आणि मग थांबते. आमची गाडी धापा टाकत मरत होती. हे लक्षण आम्हा सर्वांच्या कानांवर रोज पडत होते, ऐकले मात्र कोणीच नाही.

डिसेंबरमधल्या एका रविवारी तीन मुली व एक शिक्षिका विज्ञान प्रश्नमंजूषेसाठी खंडव्याला निघाल्या. लांबचा प्रवास म्हणून सकाळी टाकी जवळजवळ पूर्ण भरली. निंबोला मागे पडले, असीरगड समोर दिसू लागला आणि गाडी बंद. ड्रायव्हरकाकांनी टाकीचे झाकण उघडून काडी घालून पाहिली, पेट्रोल भरपूर. झाकण लावले, सेल्फ मारला, गाडी सुरू. पुढे वीसेक किलोमीटरवर पुन्हा तेच. मुली पोचल्या तेव्हा पहिली फेरी संपलेली होती. आयोजकांनी नियमाप्रमाणे बसू दिले नाही, त्यांचा दोष नाही. पण तिघी वर्षभर तयारी करून गेल्या होत्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्यापैकी कोणी माझ्या खोलीत आले नाही.

मंगळवारच्या बैठकीत प्रश्न निघणे साहजिक होते. कोणीतरी म्हणाले, गाडी ड्रायव्हरने पेट्रोल भरले की लगेच बंद पडते, याचा अर्थ काय? अर्थ सर्वांनी एकच काढला : भेसळीचे स्वस्त पेट्रोल भरून मधले पैसे ठेवले जातात. मीही तो अर्थ मान्य केला. ड्रायव्हरकाकांना मी लेखी खुलासा मागितला. अठरा वर्षे शाळेत काम केलेल्या माणसाने दोन ओळी लिहून दिल्या, त्यांतील एक अशी की, ‘टाकी फुल्ल असली की गाडी जास्त रुसते, हे मी नोव्हेंबरपासून सांगत आहे.’ ते खरेच सांगत होते. आम्हाला तो बहाणा वाटत होता.

भेसळीचा संशय तपासणे अवघड नाही, ते मी आधी करायला हवे होते. पालकांसाठी सांगतो. कोणत्याही पेट्रोल पंपावर ग्राहकाला फिल्टर पेपरची परीक्षा मोफत मागता येते. नोझलचे तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकावयाचा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते व डाग राहत नाही. रॉकेलसारखे जड तेल मिसळलेले असेल तर तेलकट डाग मागे राहतो. दुसरी परीक्षा घनतेची. पंपावर त्या दिवशीची घनता लिहिलेली असते, ती हायड्रोमीटर व तापमापक यांनी तपासून मागता येते. आम्ही दोन्ही करून पाहिल्या. कागद कोरा राहिला, घनता जुळली. पेट्रोल चांगले होते. मग चांगले पेट्रोल भरल्यावर गाडी का बंद पडावी?

येथे मी एक वही केली. प्रत्येक वेळी गाडी बंद पडली की तारीख, वेळ, टाकीत अंदाजे किती पेट्रोल, टाकी भरल्यापासून किती किलोमीटर आणि थंडी की ऊन, एवढेच लिहावयाचे. वही ड्रायव्हरकाकांनी सांभाळली. तीन आठवड्यांत सहा नोंदी झाल्या. सहापैकी पाच वेळा टाकी भरल्यावर पंचवीस किलोमीटरच्या आत गाडी बंद. अर्ध्या टाकीवर एकदाच, तीही लांबच्या प्रवासात. आणि बहुतेक नोंदी सकाळच्या थंडीतल्या.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची ठरली, कारण तिने एक मोठा संशयित बाद केला. उन्हाळ्यात आपल्या बऱ्हाणपुरात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा जुन्या गाड्यांत इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रवाऐवजी वाफ ओढतो आणि गाडी अडते. घाटात ड्रायव्हर लोक पंपावर ओला फडका टाकतात तो यासाठीच. पण ही व्याधी मे महिन्याची, दुपारची. आमची गाडी पौषातल्या सकाळी बंद पडत होती.

आता पेट्रोलचा रस्ता समजून घ्या. टाकी गाडीच्या मागे. तेथून बारीक नळी पुढे इंजिनाजवळच्या पंपाकडे येते. मिस्त्री लोक याला ‘एसी पंप’ म्हणतात. त्याच्या आत रबरी पडदा असतो. इंजिनातील कॅम एक दांडी हलवतो, दांडी पडदा खाली ओढते आणि पोकळी तयार होऊन टाकीतील पेट्रोल पुढे येते. आम्ही बोलताना ‘पंप पेट्रोल ओढतो’ म्हणतो, पण नववीच्या विद्यार्थ्यांनी विचार करावा : खरे तर टाकीतील हवेचा दाब पेट्रोलला ढकलतो. पंप फक्त पुढे जागा मोकळी करतो. मागून ढकलणारी हवा कमी झाली तर पंपाने कितीही पडदा हलवला तरी काय येणार? उलट कमी दाबात पेट्रोल लवकर उकळते, म्हणून पंपात आणखीच वाफ भरते.

घरात तुम्ही हे पाहिले आहे. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आई एक भोक पाडत नाही, दोन पाडते. एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक असेल तर तेल गुडगुड करीत तुटक तुटक येते. दवाखान्यात काचेच्या सलाईनच्या बाटलीला हवेची एक वेगळी सुई टोचत असत, तेही याच कारणाने.

म्हणजे प्रश्न असा झाला : आमच्या टाकीचे दुसरे भोक कोठे आहे? मूळ टाकी गंजल्यामुळे २०११ मध्ये आपण स्थानिक कारागिराकडून पत्र्याची नवी टाकी करून घेतली होती. तिचे झाकण घट्ट बसणारे, बिनभोकाचे. हवेसाठी टाकीच्या वरच्या बाजूस एक बारीक नळी डाक देऊन बसविली होती आणि तिचे तोंड डिकीच्या खाली बाहेर काढलेले होते.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा मी बरोबर होतो. ठरविल्याप्रमाणे क्रमाने पाहिले. एअर फिल्टरचे झाकण काढून कारबोरेटरच्या तोंडात बघत रेसची दांडी हलविली. कटोरीत पेट्रोल असेल तर आत बारीक धार उडते. धार आली नाही. म्हणजे पेट्रोलच पोचत नाही. मग इतर कशालाही हात न लावता ड्रायव्हरकाकांनी टाकीचे झाकण हळू सैल केले. ‘सुस्स’ असा आवाज करीत हवा आत शिरली, चांगली दोन-तीन सेकंद. झाकण तसेच ढिले ठेवून सेल्फ मारला. थोडा वेळ घेऊन गाडी सुरू झाली. ते झाकण ढिले ठेवून आम्ही हळूहळू परत आलो. (हे परीक्षेपुरते केले. ढिल्या झाकणाने गाडी वापरू नये, पेट्रोल सांडते व आगीचे भय असते.)

घरी येऊन हवेची नळी पाहिली. तिच्या तोंडात पक्की, गुळगुळीत माती भरलेली होती. तारेने टोकरल्यावर मातीबरोबर वाळलेल्या लहान अळ्या बाहेर आल्या. कुंभारीण माशी! दिवाळीच्या सुट्टीत गाडी शेडमध्ये उभी होती, तेव्हा या माशीने नळीत घर केले, पिलांसाठी बेशुद्ध केलेल्या अळ्यांची शिदोरी ठेवली आणि मातीचे दार लावून ती निघून गेली. जीवशास्त्राच्या सरांनी ती माती बशीत घालून प्रयोगशाळेत ठेवली आहे, पाहून घ्या.

आता भरलेल्या टाकीचे कोडे. येथे बॉइलचा नियम कामास येतो : तापमान तेच असता हवेचे आकारमान वाढले की तिचा दाब त्याच प्रमाणात घटतो. टाकी समजा ३५ लिटरची. आपण ३२ लिटर भरले, तर वर हवा राहिली ३ लिटर. गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते. १२ किलोमीटरवर एक लिटर जळाले, तेव्हा तीच हवा आता ४ लिटर जागेत पसरली. दाब राहिला तीन-चतुर्थांश. २४ किलोमीटरवर पाच लिटर जागा, दाब तीन-पंचमांश. आता अर्धी टाकी घ्या. पेट्रोल १५ लिटर, हवा २० लिटर. एक लिटर जळाले तर २० चे २१ झाले, दाब जेमतेम पाच टक्के कमी. म्हणून भरलेली टाकी लवकर रुसायची आणि अर्धी टाकी क्वचित. हा हिशोब अगदी काटेकोर नाही, कारण पेट्रोलची वाफ काही भरपाई करते. पण तीच वाफ उन्हात जास्त आणि थंडीत कमी, म्हणून सकाळी त्रास अधिक. दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर झाकणाच्या कडेने थोडी थोडी हवा आत झिरपायची व गाडी सुरू व्हायची. गावातल्या फेऱ्या छोट्या, मध्ये मुक्काम, म्हणून तेथे काही नाही.

आणि तिन्ही मिस्त्रींची दुरुस्ती दोन-चार दिवस का टिकली? मी त्या तिघांना विचारले. पेट्रोल किती आहे हे पाहण्यासाठी प्रत्येकाने आधी टाकीचे झाकण उघडले होते, आणि नंतर दोन-चार दिवस गाडी फक्त गावात फिरली होती. असीरगडला काडी घालतानाही तेच घडले. उपाय आमच्या हातून दर वेळी होत होता आणि श्रेय कधी प्लगला, कधी कॉइलला मिळत होते. अनावश्यक बदललेल्या सामानाचे बिल विश्वस्तांना हिशोबात दिसलेच आहे.

नळी साफ केल्यावर तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधली. गाडी मोकळी झाल्यावरही एक किरकोळ गचका राहिला होता, तो दुसऱ्या कारणाचा निघाला : पंपाकडे येणाऱ्या रबरी नळीला बारीक चिरा पडल्या होत्या व तेथून हवा शिरत होती. एका वेळी दोन दोष असू शकतात, हे पुष्कळदा विसरले जाते. जुन्या गाडीच्या मालकांनी या नळीकडे आता जास्त लक्ष द्यावे. आपल्या देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आले. वीस टक्क्यांच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोचले. ऊस, मका, तांदूळ यांपासून हे इथेनॉल होते, शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे. पण जुन्या काळचे रबर त्यासाठी बनविलेले नाही, ते फुगते किंवा तडकते. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडविते व तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. शिवाय ते पाणी शोषते, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोल फार दिवस साठवू नये. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्याव्यात, फिल्टर लवकर बदलावा. आम्ही दोन्ही बदलले, खर्च एका कॉइलपेक्षा कमी आला.

ज्या पालकांकडे मोटारसायकल आहे त्यांनीही हे पाहून घ्यावे. बऱ्याच मोटारसायकलींच्या टाकीच्या झाकणात हवेचे बारीक छिद्र असते. ते धूळ-चिखलाने बुजले, किंवा वरून प्लास्टिक घट्ट बांधले, तर हीच तक्रार येते. गाडी बंद पडली आणि झाकण उघडताच ‘सुस्स’ आवाज होऊन ती सुरू झाली, तर कारबोरेटर खोलायला देऊ नका. आधी छिद्र साफ करून घ्या. अलीकडच्या इंजेक्शनच्या गाड्यांची रचना निराळी आहे. त्यांत पंप टाकीच्या आत असतो व टाकीची वाफ कोळशाच्या डब्यातून जाते. तेथे स्वतः काही करू नये.

विद्यार्थ्यांना सक्त सूचना : पेट्रोलचा कोणताही प्रयोग घरी करावयाचा नाही. मिस्त्री लोक बाटलीतून थेट कारबोरेटरला पेट्रोल देऊन पाहतात किंवा प्लगची ठिणगी उघड्यावर बघतात, ते त्यांचे काम आहे आणि त्यातही अपघात होतात. तुमच्यासाठी पाण्याचा प्रयोग खाली दिला आहे.

जानेवारीच्या बैठकीत मी दिलेले खुलाशाचे पत्र मागे घेतले व तशी नोंद इतिवृत्तात केली. संशय मी मान्य केला होता, तेव्हा ड्रायव्हरकाकांची क्षमा सर्वांसमोर मीच मागितली. ते म्हणाले, “साहेब, माशीला पण एक खुलासा मागा.” त्यांची वही आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. त्या तीन मुलींना पुढील स्पर्धेस पाठविण्याचे ठरले असून या वेळी त्या आदल्या दिवशी रेल्वेने जातील.

कृती (इयत्ता आठवी ते दहावी) : प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला एक भोक पाडा, बाटली पाण्याने भरून उलटी धरा व दहा सेकंदांत किती पाणी येते ते मोजा. मग बाटलीच्या तळाला दुसरे भोक पाडून पुन्हा मोजा. एकदा बाटली पूर्ण भरून व एकदा अर्धी भरून पाहा, फरक लिहा.

हिशोब : टाकी ३५ लिटरची, पेट्रोल २५ लिटर, हवेची नळी पूर्ण बंद, झाकणातून मुळीच हवा येत नाही असे समजा. हवेचा दाब मूळच्या चार-पंचमांश होईपर्यंत गाडी किती किलोमीटर जाईल? लिटरला १२ किलोमीटर धरावे. वाफेचा विचार करू नये. उत्तरे शनिवारपर्यंत माझ्या खोलीबाहेरच्या पेटीत टाकावीत, रीतीसह.